ताईच्या नातीची बातमी

१४ मार्च

प्रिय ताई,

इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. नात झाल्याचं तू सांगितलंस आणि मी घाईने फोन ठेवला, तो रागाने नव्हे. मला फार आनंद झाला होता. भाजी चिरताना गुणगुणू लागले, तर लेकीने जवळ येऊन हळूच विचारलं, "आई, रात्री झोपलीस ना? गोळी घेतलीस?"

दोन्ही झालं होतं. पण मागच्या वेळी मनाचा आजार बळावला, तेव्हाही सुरुवात गाण्यानेच झाली होती आणि शेवट इस्पितळात. हा आनंद माझा की आजाराचा, मलाच सांगता येत नाही. अशा हातांत बाळ कसं घेऊ?

तुझी,
धाकटी

(स्वतःसाठी) उद्या: डॉक्टरांना विचारणे, एवढा आनंद चालेल का.