एकही शब्द गाळू नये

सातारा,
१४ जून २०२४

ती. दादास,
वीरधवलचा शि. सा. न. वि. वि.

जत्रेच्या मैदानात तुझा पाय निसटला आणि तू मानेवर पडलास, त्या क्षणाला माझं सगळं बदललं. हलगीवाल्याला कळलंच नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला. मी तुझी कापडं हातात घेऊन कडेला उभा होतो. तुझ्यामागून माझी कुस्ती लागायची होती. ती राहिली ती राहिलीच. त्याच आठवड्यात आईनं माझा लंगोट चुलीत घातला. वडील लवकर गेले तेव्हा घर तुझ्या खांद्यावर आलं. तो खांदाच आडवा झाल्यावर कॉलेजच्या बाकावर पाठ टेकून बसणं मला जमेना. सोडलं. याबद्दल दोन वर्षांत आपण बोललो नाही, म्हणून आज पहिल्यांदा तेच लिहिलं.

आता कामाचं. आईला फोनवर नीट सांगता आलं नाही. टीव्हीच्या मालिकेत पैलवान लागतात. साताऱ्याबाहेर एक बंद पडलेलं मंगल कार्यालय आहे, त्यात सेट लावलाय. हीरोचे दंड आपल्या शेजारच्या सृष्टीच्या मनगटाएवढे आहेत. तो मला उचलतो, म्हणजे मीच उडी मारतो, आणि तो मला चितपट करतो. पहिल्या दिवशी माझी पाठच टेकेना. अंग आपोआप वळायचं आणि मी पोटावर पडायचो. दिग्दर्शक समीक्षा मॅडमनी विचारलं, तुला हरता येत नाही का. मी म्हटलं, घरात कुणी शिकवलंच नाही.

फोन लावला की तू तिकडं गप्प, मी इकडं गप्प. तालमीत वस्ताद सगळ्यांचे मोबाइल पेटीत ठेवून घ्यायचे तेव्हा तू मला पत्रं लिहायचास, तसंच आता चालू करू. तू सांग, सृष्टी लिहील. माझं आलं की तीच वाचेल. कॉलेजात अक्षराचं बक्षीस घेतलंय, जरा वापरू दे.

दिवाळीला येतो. आलो की तिच्या वडिलांशी, नानासोंशी, बोलायचंच. कशाबद्दल, ते वाचणारीला ठाऊक आहे.

आहे तेवढी माया राहू दे, जास्त मागत नाही.
तुझा,
वीरा


कवठे महांकाळ,
२३ जून

चि. वीरा यास दिग्विजयचे अनेक आशीर्वाद.

(दादा बोलतात तसंच लिहायचं ठरलंय. मी 'आहे' लिहिलं की खोडायला लावतात. — सृष्टी)

तुजं पत्र पोचलं. आई म्हणती, पोरगं दिवसभर आपटून घेतंय तर जेवतंय कवा. मी बरा हाय. बरा म्हंजे काल होतो तसाच हाय. पत्र्याला खिळं किती हायत ते मला ठावं झालंय, पर तुला सांगत न्हाई. तू ये आणि माझ्याशेजारी पडून मोज.

पडायचं शिकायचं असंल तर माझ्याकडनं शीक गड्या, त्यातला माझ्याएवढा जाणता दुसरा कोण न्हाई. हनुवटी छातीला लाव. जीभ आत. पाठीआधी हात मातीवर आपट. मी त्या दिवशी हनुवटी लावली न्हवती. वर बघितलं मी, लोकं किती आल्यात ते.

आता एक अट. डॉक्टर, आई, पाव्हणं, समदी माझ्याशी बोलताना निम्मं गिळत्यात. वाईट वाटंल म्हणून. तुजं तरी निम्मं नको. सृष्टीला सांगून ठेवलंय, आलेलं पत्र पुरतं वाचायचं. एकबी शब्द गाळायचा न्हाई, शिवी असली तरी.

(शिवी वाचणार नाही म्हटलं. दादा म्हणाले, वाचावी लागंल. कबूल केलंय. — सृ.)

नानासोंशी कशाबद्दल बोलायचंय ते मी लिहिणारीला विचारलं. ती खाली मान घालून नुसतं पेन झटकतीया. शाई सरली वाटतं. नानासो रोज सांजचं माझ्यापाशी येऊन बसत्यात, फौजेतल्या गोष्टी सांगत्यात. सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस हाय, त्यांच्या दारात आधी चपला काढून उभा राहायला शीक. तुजं डोकं लय लवकर तापतं.

मी हितनं जीव लावतोय, तू तिथनं लाव.
दिग्विजय


सातारा,
२० सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय. मालिकेत हीरोचा थोरला भाऊ मैदानात पडतो आणि त्याची मान जाते. ज्याला ते काम दिलं होतं तो हातपाय झाडत, ओरडत पडला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, असं नसतं. माणूस ओरडत नाही. फुटलेल्या पोत्यातून धान्य यावं तसा खाली येतो. मॅडम म्हणाल्या, करून दाखव. मी पडलो. बराच वेळ कुणी कट म्हणालंच नाही. दुसऱ्या दिवसापासून ते काम माझं झालं.

आता मी रोज कॉटवर पडतो. सगळं तुझंच घेतलंय. नाकावर माशी बसली की तू ओठ वाकडा करून फुंकतोस, ते घेतलं. पाणी पाजताना तू चमच्याकडं न बघता पाजणाऱ्याकडं बघतोस, तेही घेतलं. आधी तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, म्हणूनच विचारलं नाही. सेटवर बायका डोळे पुसतात. मग काम संपतं, आणि मी उठून चहा प्यायला जातो. दादा, ते उठणं लय वाईट आहे.

दिवाळीची सुट्टी नाही. मोठं काम आहे, मीच नको म्हटली. लिहिणारीनं फुगू नये. संक्रांतीला येतो. मान खाली घालून, चपला काढून, नानासोंच्या दारात उभा राहतो. टीव्हीत दिसायला लागल्यावर तेही जरा सरकून जागा देतील.

माझ्यावरचा जीव उतरू देऊ नकोस.
वीरा


कवठे महांकाळ,
१० नोव्हेंबर

चि. वीरा यास अ. उ. आ.

दिवाळी झाल्यावर तुजा भाग लागला. टीव्ही माझ्या खोलीत आणला. आई, सृष्टी, नानासो, समदी बसली. बरं केलंस रं. माशी तर अगदी माझीच हाय.

एक चूक झाली. मालिकेतली तुजी बायको रडत दाराकडं जाती, तवा तुज्या उजव्या पायाचा अंगठा हलला. तुला वाटंल कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मी दोन वर्सं अंगठ्याकडंच बघतोय, मला दिसणारच. पर माझ्याआधी आईला दिसला. ती ओरडली, हलला, हलला. आणि टीव्हीकडं पाठ करून तिनं माझ्या पायावरचं पांघरूण ओढलं. मग समद्यांनी तिकडंच बघितलं. मीबी बघितलं. नानासोंनी उठून टीव्ही बंद केला. तवापासनं आई माझ्या पायावर पांघरूण घालत न्हाई. थंडी पडलीया, पर मला कुठं लागतीया.

पुढच्या बारीला अंगठा सांभाळ.

दुसरं. सृष्टीला बघायला खंडाळ्याचं पाव्हणं आलं होतं. पोरगा कारखान्यात कायम हाय. होकार आलाय. तिनं नानासोंकडं धा दिस मागून घेतल्यात. कशापायी, ते तुला सांगायला लागू नये. पत्रापरीस एसटी बरी. ये.

(हे लिहिताना मी थांबले नाही. दहातले दोन गेले. फोन करून बोलावणार नाही. बोलावून आलेला नको. — सृ.)

जीव हायच, तो तुज्या वाटंकडं लागलाय.
दिग्विजय


सातारा,
१४ नोव्हेंबर

दादास नमस्कार.

आज बाकीचं वि. वि. काही नाही. डोकं फुटायला आलंय.

नानासोंना विचार, मुलगी काय बाजारातली कालवड आहे का, दात बघून दावं बदलायला. दोन वर्षं तुझ्या पायाशी बसून गोड बोलले, आणि मनात काय, तर या घरातला एक आडवा झालाय आणि दुसरा नाच्या. सुभेदार असतील तिकडं सीमेवर. असल्या दुतोंड्या म्हाताऱ्याच्या दारात मी चपला काढीन, पण पायरीवर ठेवायला नाही, त्याच्या थोबाडात हाणायला. सृष्टी, तू मनावर घेऊ नकोस, हे मी दादाला लिहितोय.

इथं आणखी वेगळंच. लोकांना थोरला भाऊ आवडलाय, म्हणून मॅडमना त्याला उभा करायचाय. कॉटवरून उठायचं, चालत दारापर्यंत जायचं, बाहेर पडून दार लावायचं. मी नाही म्हणालो. आई परत पांघरूण काढील. काम गेलं तर जाऊ दे.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो.
वीरा


कवठे महांकाळ,
२५ नोव्हेंबर

चि. वीरधवल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दिग्विजय सांगत आहे, मी नानासो लिहीत आहे. त्याचे बोलणे शुद्ध करून लिहितो. अर्थ बदलत नाही व काही गाळत नाही.

रविवारी तू आलास. नानासोंच्या दारात चपला काढून उभा राहिलास. त्यांनी तुला चहा दिला. सृष्टी बाहेर आली नाही, आणि का आली नाही हे तुला कुणी सांगितले नाही. ते सांगतो.

तुझे पत्र आदल्या संध्याकाळी आले. सृष्टी वाचायला बसली तेव्हा नानासो माझ्या पायाशी होते. कालवडीपाशी ती थांबली. मी म्हणालो, पुरे, घडी घाल. तिने ऐकले नाही. अट माझीच होती. चपलेपर्यंत सगळे वाचले, आवाज न चढवता. मग पत्र माझ्या उशाखाली ठेवले आणि बापाला म्हणाली की खंडाळ्याला होकार कळवा. नानासो म्हणाले की पोराचे रक्त गरम आहे, मी मनावर घेत नाही. ती म्हणाली, मी घेतले.

लग्न १२ डिसेंबरला खंडाळ्याला आहे. वीरा, मी तुझ्यावर रागावलो असतो तर बरे वाटले असते. तेही होत नाही.

आता माझे ऐक. उभे राहायला नाही म्हणू नकोस. आईला मी समजावले आहे की टीव्हीतला मी नव्हे. तरी तिने पांघरूण काढले तर काढू दे. मला एकदा बघायचे आहे, मी चालायचो तेव्हा कसा दिसायचो. मैदानात उतरताना स्वतःची चाल कुणाला दिसते? तू पाहिली आहेस. माझी कापडे घेऊन तूच मागून यायचास.

लोभ कमी झालेला नाही, हे मुद्दाम कळवतो.
दिग्विजय

लिहिणाऱ्याच्या दोन ओळी: मुलीने दहा दिवस मागितले तेव्हाच मी दिग्विजयला सांगितले होते की वीरधवल आला तर मी नाही म्हणणार नाही. तुला ते कळवायचे नाही, असे तिने बजावले होते. तू आपण होऊन यावेस अशी तिची इच्छा होती. लग्नाला येऊ नकोस, एवढे माझे ऐक. — नानासो


सातारा,
१२ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नानासो, वाचणारे तुम्हीच असाल. आज तुम्ही खंडाळ्याला आहात. हे पत्र तुम्ही परत येईपर्यंत दादाच्या उशाशी पडून राहील. चपलेबद्दलची माफी कागदावर मागत नाही. येईन आणि पायावर डोकं ठेवून मागेन, लाथ मारलीत तरी. पुढचं वाचा. गाळू नका.

शेवटी लिहवणार नाही, म्हणून नमस्कार आताच करतो. आईच्या पायांना, तुझ्या पायांना, नानासोंच्या पायांना. तुम्हा सगळ्यांचा लोभ मी हातानं सांडला. कुठं थेंब राहिला असेल तर राहू द्या.

दादा, आज उठायचा शॉट झाला. तारीख मी मागितली नव्हती, हीच आली. कार्यालयाच्या फरशीवर जुन्या लग्नांतली हळद अजून पिवळी आहे, त्यावरच माझी कॉट. मॅडम म्हणाल्या, उठताना थरथर, पडता पडता सावर. मी म्हटलं, तसं नाही करणार. माझा भाऊ आजारातून उठत नाही, मैदानाला निघतो.

आधी उजवा अंगठा हलवला. आईला सांग, या वेळी मुद्दाम. मग पाय खाली सोडले. वाकून फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला. तू लावायचास तसा, दोनदा नाही, एकदाच. डावा खांदा जरा पुढं, मान ताठ, पावलं सावकाश, जसं काही माणसं जमलीच नाहीत. वर बघितलं नाही. तू कधी वर बघत नव्हतास, ती एक वेळ सोडली तर. मला माझ्याच पुढं तुझी पाठ दिसत होती. हातात तुझी कापडं आहेत असं वाटलं, म्हणून मूठ आवळली गेली. ते तेवढं चुकलं. तुझ्या ध्यानात येईलच.

त्या दारामागं रस्ता नाही की अंगण नाही. वायरी आहेत, फळ्या आहेत, आणि कार्यालय चालू होतं तेव्हाच्या नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या धूळ खात पडल्यात. मला ते माहीत होतं. दाराशी पोचलो तेव्हा मागं आईचं काम करणारी बाई खरंच रडायला लागली. खंडाळ्यात त्या वेळेला अक्षता पडत असतील. मागं वळून बघायचं दृश्यात नव्हतं. मी बाहेर गेलो, आणि दार लावून घेतलं.