मेनूतून काढलेलं पान

बाबा,

तुमच्या ब्लॉगचा मेनू तुम्ही सांगितलंत तसा केलाय: मुख्यपान, प्रवास, बागकाम. फोनवर उघडत नव्हता, तेही निस्तरलं. 'आईचं स्वयंपाकघर' तेवढं काढलं, कारण ते नाव तुमच्या नव्या बायकोच्या डोळ्यांत खुपतं. आई गेली तरी लोक अजून त्याच पानासाठी ब्लॉगवर येतात, हे तुम्ही बायकोला सांगितलं नसेलच.

पान मी पुसलेलं नाही. मेनूतून नाव उडवलं तरी पान जागच्या जागी राहतं, फक्त तिकडे जायला वाट उरत नाही.

जेवण झाकून ठेवलंय. मी मावशीकडे राहायला चाललेय. कुणी विचारलंच, तर मुलगी आहे म्हणा, फक्त मेनूत नाही.