मिठातल्या खपल्या

तीर्थपुरी, ६ जानेवारी २०२५

चि. रेणूस आबाचा आशीर्वाद. आईचा वेगळा धर, तिला माझ्यात वाटणी नको असती.

फोनवर तू बोलती अन् मी नुसतं हूं हूं करतो, काही ऐकू येत न्हाई. म्हणून कागद लिहून राह्यलो. मेंढरांना देवीची लस टोचल्ती. आता सात-आठ जणींच्या पोटाखाली पुळ्या आल्यात. डॉक्टर म्हणले, लसीनं बी येतात, खऱ्या देवीनं बी येतात, नुसतं बघून सांगता येत न्हाई. लसीच्या असल्या तर बिनघोर निघा, देवी असली तर जागचं हलू नका, बाकीच्यांच्या मेंढरांत पसरल.

संक्रांत झाली की तुझ्या गोरक्षनाथ काकाच्या अन् तातेरावच्या कळपासंगं घनसावंगीकडं शेतात खतासाठी मेंढरं बसवायला जायचंय. सगळे माझ्याच तोंडाकडं बघून राह्यले. डॉक्टरांनी खपल्या काढून दिल्या, त्या तुझ्याकडं धाडल्यात. तुझ्या लॅबातली मशीन काय म्हणती ते जल्दी कळव.

बराबर जेवत जा, असं आईचं म्हणणं. माझं बी.

आबा

हैदराबाद, ११ जानेवारी

ति. आबांना सा. न., आणि आईला तुमच्याहून थोडा जास्त.

आबा, खुशाल निघा. पुळ्या लसीच्याच आहेत.

मशीन काही म्हणत नाही, म्हणायचं ते मीच आधी म्हणून ठेवलेलं असतं. विषाणूच्या आत चार अक्षरांची लांब माळ असते. तिच्या एका तुकड्याला जोडीनं चिकटेल असा बारीक तुकडा आम्ही बनवतो आणि त्याला चमकणारा रंग लावतो. मग हळूहळू तापवायचं. जोडी सुटली की चमक बदलते. लसीच्या विषाणूशी आमचा तुकडा पुरता जुळतो, म्हणून ६२ अंशांना सुटतो. खऱ्या देवीत एक अक्षर वेगळं, म्हणून ५६ लाच सुटतो. कोणतं अक्षर कुणाशेजारी बसलंय यावरून हे दोन्ही आकडे मी कागदावर काढले होते. आमच्या लॅबचे सर म्हणाले होते की इतकं अचूक जमायचं नाही. शेतावरही करता यावी म्हणून चाचणी सोपी ठेवलीय. तुमच्या खपल्या भिजवल्या आणि ते पाणी थेट यंत्रात घातलं. बरोबर ६२. सरांनी दोनदा चष्मा पुसला.

माया आहे तेवढी पुरते, तरी वाढवलीत तर नको म्हणणार नाही.

रेणू

तीर्थपुरी, १५ जानेवारी

चि. रेणूस आशीर्वाद, ह्या खेपेला दोघांचा मिळून.

तुझा कागद गोरक्षनाथाला वाचून दाखवला, तातेरावला दाखवला, किराणा दुकानात बी दाखवला. आई म्हणली, आता बैलांना तेवढा वाचून दाखवायचा राह्यला. सोमवारी निघून राह्यलो.

त्यात माझी बी हुशारी हाये म्हणा. डॉक्टरांनी दिलेल्या खपल्या रस्त्यात सडतील म्हणून मी रातभर खडेमिठात ठेवल्या, कातडं ठेवतो तशा. धाडताना मीठ झटकून टाकलं. बिलकुल वास आला नसल.

तुझा हुशार आबा

हैदराबाद, १८ जानेवारी

ति. आबा, नमस्कार.

निघू नका म्हणून आईला फोन केलाच आहे. कारण मात्र तुम्हाला लिहूनच सांगते.

मीठ असलं की ती जोडी जास्त घट्ट धरून राहते आणि उशिरा सुटते. तुमचं पत्र वाचल्याबरोबर उरलेल्या पाण्यातलं मीठ मोजलं, त्यावरून पुन्हा हिशेब मांडला. इतक्या मिठात लसीचा विषाणू ६८ ला सुटला असता. ६२ ला सुटणारी ती खरी देवी. मग सरांसमोर फळ्यावर लिहिलं की मीठ काढून टाकलं तर आकडा ५६ येईल. राहिलेल्या खपल्या धुऊन, मीठ पुरतं काढून यंत्रात घातल्या. ५६ आला.

सर उठून उभे राहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला आबा, आणि त्याच वेळी आपली मेंढरं डोळ्यांसमोर आली. तुम्ही मीठ लावलंत ते चांगल्यासाठीच. नमुना कसा ठेवला होता हे विचारायचं काम माझं होतं. गावभर माझं पत्र वाचून दाखवलंत, आता हेही तुम्हालाच सांगावं लागणार. रागावा, पण थांबा.

तुमची रेणू

तीर्थपुरी, १६ फेब्रुवारी

चि. रेणूस आबाचा आशीर्वाद, हातचं काही न राखता.

तू फोन केला त्याच दिवशी मी गोरक्षनाथाकडं गेल्तो. सगळे जमल्ते. सांगितलं की माझ्या मेंढरांत देवी हाये, तुम्ही पुढं निघा, माझ्या कळपापासून लांबून जा. तातेराव म्हणला, मल्हारी, पोरगी आधी एक सांगती, मंग दुसरं, कशावर इश्वास ठेवायचा? मी म्हणलो, पहिलं सांगणं बापाच्या फायद्याचं होतं. ते तिनं स्वतःच्या हातानं पुसलं, म्हणून दुसऱ्यावर ठेव.

आपली नऊ मेंढरं गेली. आई दोन दिवस जेवली न्हाई. बाकीची आता चरून राह्यली, डॉक्टर रोज येतात. गोरक्षनाथाचं अन् तातेरावचं एक बी मेंढरू आजारी न्हाई.

काल गोरक्षनाथ येऊन गेला. घनसावंगीचे शेतकरी त्याला विचारून राह्यले, औंदा मल्हारी का आला न्हाई. त्यानं सांगितलं म्हणे, आता तो मल्हारी न्हाई राह्यला, रेणूचा बाप झालाय.

रेणूचा बाप