सुनावणीच्या आधी

प्रिय घुमे,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. एवढं तू तोंडाने वर्षभरात बोलली नसशील. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला माणूस, तुझ्या कॉलेजच्या उपक्रमाचं नाव मला दोनदा वाचावं लागलं. कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी तपासायचं आणि आपल्या गल्लीतल्या लोकांना घेऊन सरकारी सुनावणीला जायचं, एवढं डोक्यात शिरलं.

इथे माझं बरं चाललंय. उंच इमारतींना बाहेरून काचा बसवतो आम्ही. मी एका जागी ठरत नाही हे मुकादमाने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मला वरखाली सामान पोचवायला लावलं. आमच्यातला एक जण उंचीला इतका घाबरतो, की जिन्यातही कठडा सोडत नाही. सगळे त्याची टर उडवतात. मुकादमाने दोर तपासायला नेमका त्यालाच बसवलाय. तो प्रत्येक गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघतो, आणि वर लटकणारे निवांत असतात.

तुमच्या मॅडमही आमच्या मुकादमाच्याच जातकुळीच्या दिसतात. ज्याचा हात चित्रात चालतो त्याला नकाशा, जिला प्रयोगशाळेत करमतं तिला पाण्याच्या बाटल्या. तुला काय येतं असं विचारल्यावर तू मान खाली घातलीस म्हणे. ते मला इथून दिसलं. मग तुमच्यातला तो बोलघेवडा छापील प्रश्न घेऊन गल्लीत गेला. बायकांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि पाणी अगदी झकास आहे म्हणून वाटेला लावलं. हे वाचून मी एकटाच हसत बसलो. त्याच बायकांनी कपडे वाळत घालता घालता तुला पोरांच्या पाठीवरचे चट्टे दाखवले, आणि तू तर काही विचारलंही नव्हतंस. पाहुण्यांसमोर तरी तोंड उघड गं, म्हणून आईने तुझ्यापुढे किती डोकं फोडलं. मॅडमनी तुझं ते गप्प बसणंच कामाला लावलं.

आता त्या बायका सुनावणीत बोलायला तयार आहेत, पण तू शेजारी बसलीस तरच. हे तू अगदी शेवटी, घाईत लिहिलंस. आणि बाबा त्याच कारखान्यात कापड रंगवतात, हे लिहिलंच नाहीस. नाल्यात काय सोडतात ते मला ठाऊक आहे. त्यांची नखं लहानपणापासून बघतोय. त्यांची मुलगी त्या बायकांसोबत दिसली तर पहिली कुऱ्हाड कोणावर पडेल, हेही कळतं.

खरं सांगायचं तर मी काही पत्र लिहिणाऱ्यातला नाही. परवा बाबांचा फोन आला. बराच वेळ इकडच्या हवेची चौकशी केली. मग म्हणाले, "ती तुझंच ऐकते. घरी बस म्हणावं तिला. पत्रच लिही, फोनवर ती नुसती ऐकून घेते." मी हो म्हटलं, म्हणून बसलो लिहायला. त्यांचा निरोप पोचला. आता माझा. त्यांचं काम गेलं तर घराचं मी बघीन. कितीही कंटाळा आला तरी ही नोकरी सोडणार नाही, हे तुला लिहून देतो. तू जा आणि बस त्या बायकांशेजारी. बाबा चिडले तर सगळं माझ्यावर ढकल. मी लांब आहे.

तुझाच,
दादा