देवचंदचा डावा हात

अर्जुनी मोरगाव,
३ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा हिस बकारामकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या कॉलेजचा संगीताचा अंक पोचला. पट्टी लावून पाहिला. छत्तीस पानं, समास सगळीकडे सारखा. पण शेवटी मांडणीचे गुरू म्हणून माझं नाव काऊन? पाट्या रंगवायला मी आपल्याआप शिकलो; कोणाचा चेला नाही, कोणाला चेला केलं नाही. तू सुट्टीत दुकानात येऊन ब्रश धुवायची, एवढंच. फुकटचे आभार मानणाऱ्याला काहीतरी पाहिजे असते. तुझी काकू म्हणते, पोरीनं प्रेमानं छापलं, तुम्ही त्यात खिळे कायले शोधता. मी म्हटलं, प्रेम असं छापून येत नाही.

दुसरं. पान अकरावर आपल्या गावच्या दंडारीच्या नाटकातला पेटीवाला देवचंद डाव्या हातानं सूर वाजवून राहिला आणि उजव्यानं भाता हलवून राहिला. तीस वर्षांत त्यानं असं केलं नाही. शर्टाचा खिसाही उजवीकडे. ज्यानं हे पान लावलं त्यानं देवचंदला कधी पाहिलंच नाही. मग लावलं कोणी? फोन करू नको. फोनवर माणूस सटकते, कागदावर सापडते.

लोभ आहे, संशयही आहे.
बकारामकाका


गोंदिया,
७ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस हर्षाचा सा. न. वि. वि.

आभार छापले तेव्हा मला काही नको होतं. आता पाहिजे आहे. अंकाच्या समितीच्या मॅडमनाही तुमच्यासारखाच संशय आहे. एवढी सफाई दुसऱ्या वर्षाच्या पोरीची नाही, बाहेरून करून आणलं, असं त्या म्हणतात. शनिवारी, १५ तारखेला बैठक आहे. पटलं नाही तर अंकावरून माझं नाव जाईल आणि पुढचा अंक माझ्या वर्गातल्या रीताकडे.

हे काम करताना काय शिकले ते लिहून मागितलं आहे. लिहायला बसले तर सगळं तुमच्या दुकानातलंच निघालं. ब्रश बुडवण्याआधी अक्षरं मोजायची. म्हणून तबल्याचा लेख मावेना तेव्हा टाइप बारीक न करता तो लिहिणाऱ्या टिंकूला दोन परिच्छेद कापायला लावले. तो आठ दिवस बोलला नाही. रस्ता ओलांडून पाटी पाहायची. म्हणून होस्टेलच्या व्हरांड्यात पानं टांगून दुसऱ्या टोकावरून पाहिली.

आणि पाटीवरच्या माणसाचं तोंड दाराकडेच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते, हेही तुमचंच. देवचंदकाका पानाबाहेर पाहत होते. मी फोटो पलटवला. तोंड पाहिलं, हात पाहिले नाहीत.

रद्द केलेली सव्वीस पानं सोबत आहेत; तपासा आणि काम माझंच आहे हे मॅडमना कळवा. लोभ ठेवावा, पट्टी जरा बाजूला ठेवावी.
हर्षा


अर्जुनी मोरगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा हिस अ. उ. आशीर्वाद.

सव्वीसही पानं तपासली. पेन्सिलीच्या खुणा तुझ्याच. चारचा आकडा तू लहानपणापासून असाच मोडका काढते. पान नऊबद्दल अजून शंका आहे, ती भेटीत.

पण तोंड दाराकडे, हा नियम कोणत्या पुस्तकात नाही. तो मी काढला. म्हणून संशय तुझ्यावरून उठला आणि माझ्यावर येऊन बसला. काल शिडी घेऊन दुर्गाप्रसादच्या संगीत क्लासवर गेलो. बारा वर्षांपूर्वी ती पाटी मीच रंगवली. तबलजीचं तोंड दाराकडे यावं म्हणून ट्रेसिंगचा कागद उलटा लावला होता. वर चढून पाहतो तर डाव्या हाताचा डग्गा उजव्या हाताखाली! दुर्गाप्रसादला विचारलं, तर म्हणे पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण तुम्हाला सांगणार कोण, भाऊ. अख्खा बाजार बारा वर्षं गप्प बसला. अजून कोणाकोणाला माहीत होतं ते मी काढीनच.

पाटी उतरवून घेतली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं ती घेऊन येतो. मॅडमच्या टेबलावर तुझं पान आणि माझी पाटी शेजारी ठेवू. अशी चूक विकत मिळत नाही, एकाच दुकानात शिकावी लागते, हे मीच त्यांना सांगीन.

पाटी चार फूट बाय अडीच आहे. दुसरं टोक धरायला स्टेशनवर ये.

लोभ असू दे.
बकारामकाका