कूलर कोणी निवडायचा

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
शुक्रवार, दिनांक १३ जून २०२५

प्रिय दिशा,

अनेक आशीर्वाद. हे सर्व फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर समोरचे माणूस मध्येच हसते, आणि अवघड वाक्य अर्धे राहून जाते. म्हणून कागद घेतला. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतचे आहे, हे तू जाणतेसच. पण ती चौथी मी शाळेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो होतो, आणि त्यानंतर जे वाचले ते नीट वाचले. तेव्हा या पत्रात शुद्धलेखनाची चूक सापडलीच, तर ती वयाची समज, शिक्षणाची नव्हे.

विषय तुझ्या संगणकाच्या कूलरचा आहे. फेब्रुवारीत तू सांगितलेस की, तू खेळासाठीचा मोठा संगणक सुटे भाग आणून घरीच जोडणार आहेस, आणि त्याचा प्रोसेसर इतका ताकदीचा आहे की त्याला थंड ठेवणे हेच खरे काम. ते ऐकून मला जो आनंद झाला, तो मी कोणाला दाखविला नाही. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षे मी दुसरे काय केले? कूलिंग टॉवर, पंप, पंखे, पाण्याचे पाइप. मोठमोठी यंत्रे तापू न देणे हेच माझे काम होते. मला वाटले, आता दिशा मला विचारील. मी कागदावर चार मुद्देही उतरवून ठेवले होते. तू विचारलेस ते नानांना, विनीतरावांना.

तुझे नाना, म्हणजे तुझी आई रुचिता हिचे वडील, यांच्याविषयी वाईट बोलण्यासारखे मला आजवर काही सापडलेले नाही, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. ते इंजिनिअर आहेत. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतात, इंग्रजी पुस्तिका कादंबरीसारख्या वाचतात, आणि वर्तकनगरला तुमच्याकडे आले की तुझ्या वयाचे होऊन तुझ्याशी बोलतात. मी आलो की तू पाया पडतेस. ते आले की तू त्यांच्या खांद्यावर हात टाकतेस. मार्चमधल्या त्या रविवारी, संगणक जोडायच्या दिवशी, जेवताना तू 'नाना म्हणाले' असे अकरा वेळा म्हणालीस. मी मोजत होतो. माणसाने असे मोजू नये, हे मला समजते. तरी मी मोजले.

नानांनी तुझ्यासाठी पाण्याचा कूलर निवडला होता. तीन पंख्यांचा लांब रेडिएटर, दोन नळ्या, आणि प्रोसेसरवर बसणारा तांब्याच्या तळाचा लहानसा पंप. मी एवढेच म्हणालो की, पाणी आले म्हणजे पंप आला, आणि पंप कधीतरी थांबतोच. पंखा थांबला तर कान सांगतो. पंप थांबला तर तापल्यावरच कळते. त्यापेक्षा पंख्याचा उंच, जाड पत्र्यांचा कूलर बरा. यात चुकीचे काही नव्हते. पण विनीतराव हसून म्हणाले, कुंडलिकराव, आयुष्यभर पाण्यात काम केलंत आणि आता पाण्याला भिता होय? सगळे हसले. तूही हसलीस. विनोद चांगला होता, हे मी तेव्हाही मान्य केले असते. परंतु तो त्यांनी केला होता. तेवढ्यात मी पाना घ्यायला हात पुढे केला, तर रुचिता म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा ना आरामात." तिने खुर्चीही आणून दिली. सुनेने प्रेमाने दिलेल्या खुर्चीवर बसणे किती कठीण असते, ते तुला अजून पुष्कळ वर्षे कळणार नाही.

त्या खुर्चीवरून मला टेबल नीट दिसत होते. विनीतराव पुस्तिकेतले वाचत होते, तू त्याप्रमाणे करीत होतीस. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलीस. त्यांनी पंप उचलून तुझ्या हाती देण्यापूर्वी खिडकीच्या उजेडात धरला, आणि तांब्याच्या तळावर मला एक चकाकी दिसली. ती तांब्याची चकाकी नव्हती. तळावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटविलेले होते. नव्या पंपाच्या तोंडावर असे काहीतरी लावलेले असते; ते काढल्याखेरीज पंप बसवायचा नाही, हा कारखान्यातला पहिला धडा. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो मी शिकविला होता. विनीतरावांनी वाचण्याचा चष्मा डोक्यावर सारला होता. तुझे लक्ष पेस्टकडे होते. त्या खोलीत ते प्लास्टिक पाहिलेला मनुष्य एकच होता, आणि तो खुर्चीवर आरामात बसला होता.

दिशा, मी बोललो नाही.

मी स्वतःशी म्हणालो, आता प्लास्टिकने उष्णता अडेल, यंत्र तापेल, हे दोघे पुस्तिका चाळतील, आणि मग कोणीतरी माझ्याकडे वळून विचारील. विचारले की सांगायचे. एवढाच माझा बेत होता. पण संगणक सुरू झाला आणि चालला. तू काही खेळली नाहीस. नुसती रंगीत दिव्यांची चित्रे सर्वांना दाखविलीस. तुझ्या वडिलांनी, संदेशने, पेढे वाटले, पहिला पेढा तू नानांना भरविलास. मला कोणीही काहीही विचारले नाही, आणि मी डोंबिवलीस परत आलो. येताना रिक्षात मला वाटत होते की, उद्या फोन करून सांगावे. दुसऱ्या दिवशी वाटले, तिने करावा. असे तेवीस दिवस गेले.

त्यानंतर तुमच्या संगणकावरच्या खेळाच्या संघाचा तो निवडीचा सामना झाला. तू सांगितलेस तेवढेच मला त्यातले समजते: पहिली वीस मिनिटे ठीक होते, मग प्रोसेसर शंभर अंशांवर गेला, पडद्यावरचे चित्र अडखळू लागले, आणि तुझा नेम जिथे लागायला हवा तिथे तू अर्ध्या क्षणाने उशिरा पोहोचत होतीस. पाच जणांचा संघ तुझ्या संगणकामुळे बाहेर पडला. धम्मपाल तुमचा कप्तान. त्या भल्या मुलाने तुला एका शब्दानेही बोल लावला नाही, म्हणून तुला जास्त लागले. तू मला फोन केलास. रडली नव्हतीस, पण आवाज जाड झाला होता. म्हणालीस, "आप्पा, तुमचंच खरं होतं. पाण्याचा कूलर बेकार निघाला. तुम्ही या."

या दोन शब्दांसाठी मी काय काय होऊ दिले, ते आता तुला दिसले असेल.

मी सकाळीच आलो. तू माझ्यासाठी टेबलावर कापड अंथरले होतेस. पंप मी माझ्या हाताने उतरविला. पेस्टच्या खाली ते प्लास्टिक जसेच्या तसे होते, उष्णतेने कडेला जरासे आकसलेले. त्याच वेळी ते तुला दाखवायचे आणि पुन्हा तोच पंप बसवायचा. पाच मिनिटांचे काम होते. तू चहा आणायला आत गेलीस. मी ते नखाने सोलले, रुमालात घेतले आणि रुमाल खिशात ठेवला. तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी म्हणालो की, पाण्याचे असेच असते. पुढे मी सुचविलेला पंख्याचा कूलर आला. त्याचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे कसे आवळायचे, ते मी तुला शिकविले, आणि तू सर्वांसमोर मला 'कूलिंगचे हेडमास्तर' म्हणालीस. त्या रात्री मला फार गोड झोप लागली. तेही लिहून ठेवतो.

आता बाकीचे. पंख्याचा कूलर वाईट नाही. पण तुझ्या प्रोसेसरसाठी नानांचीच निवड योग्य होती. मी नंतर स्टेशनजवळच्या एका दुकानात जाऊन, नाव न सांगता, नीट चौकशी केली. तुझा खेळ लोक थेट पाहतात तेव्हा पंख्याचा आवाज ऐकून कोणीतरी विचारते, मागे मिक्सर चालू आहे का? तू हसण्यावारी नेतेस. मे महिन्यात खोलीत पंखा आणि एसी दोन्ही लावूनही यंत्र अठ्ठ्याऐंशी अंशांवर राहत होते, हेही तू मला सांगितले नाहीस; संदेशने सांगितले. मला वाईट वाटू नये म्हणून तू माझा कूलर सोसते आहेस.

आणि विनीतराव. सामन्याची हकीकत कळल्यावर ते कोणावर रागावले नाहीत. माझीच निवड चुकली, एवढे म्हणाले. त्यांच्या इमारतीत कोणाचाही संगणक बिघडला की त्यांना बोलावीत असत. आता ते जात नाहीत. तुझ्या आजी सरोजताईंनी परवा बारशाच्या कार्यक्रमात मला बाजूला घेऊन सांगितले की, हे म्हणतात, माझे डोके आता पहिल्यासारखे चालत नाही, उगाच कोणाच्या वस्तूला हात लावायला नको. रविवारी तुमच्याकडे येणेही त्यांनी कमी केले आहे. मी ऐकून घेतले. व्याह्याची उतरलेली मान पाहून मला बरे वाटेल, अशी माझी कल्पना होती. वाटले नाही. आणि खरे लिहायचे तर, पहिले काही क्षण थोडेसे वाटलेही.

मंगळवारी तुझा फोन आला. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी धम्मपालचा संगणक जोडायचा आहे, त्याचा कूलर मीच निवडावा आणि मीच बसवावा, असे तू म्हणालीस. मग आवाज लहान करून म्हणालीस, "नानांना नाही सांगितलंय. त्यांना उगाच वाईट वाटेल." दिशा, तुझ्या घरात एका म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला न सांगता कामे होतात, आणि तो म्हातारा मी नाही, हे ऐकायला मी कित्येक वर्षे थांबलो होतो. ऐकल्यावर मात्र मला फोन धरवेना. चूक त्यांची होती, असे म्हणता येईल. प्लास्टिक काढायचे त्यांच्या नजरेतून सुटले. पण नजर कोणाचीही चुकते. माझी चुकली नव्हती.

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळी मी घोडबंदरला जाऊन ते उघडेच विनीतरावांच्या हाती देणार आहे आणि ते वाचून होईपर्यंत समोर उभा राहणार आहे. ते बसा म्हणाले तरी बसणार नाही. हे तुला दाखवायचे की फाडून टाकायचे, ते त्यांनी ठरवायचे आहे. मी त्यांना कसलेही बंधन घालणार नाही आणि फाडले तर पुन्हा लिहिणारही नाही. तेव्हा तू हे वाचीत असशील, तर ते तुला त्यांनी आपल्या हाताने दिले आहे. तू त्यांच्या गळ्यात पडशील, मला ठाऊक आहे. पड. मी तिथे नसलो, तर बरे.

तुझाच,
आप्पा
(कुंडलिक धोंडीबा जगदाळे)