तिसरा व्हिसा

७ नोव्हेंबर, क्लेमेंटी, सिंगापूर

व्हिसाचं काम करणाऱ्या मीनलचा फोन. ‘‘काकू, तुमच्या दोघांचे व्हिसा झाले, पासपोर्ट घेऊन जा.’’ दोघांचे? तुर्कस्तानला आम्ही तिघं चाललोय! मी, नवरा शिरीष आणि लेक गार्गी.

शिरीषला विचारलं तर म्हणे, ‘‘माझं ऑफिस करतंय.’’ सुट्टीवर जायला ऑफिस कधीपासून व्हिसा काढून द्यायला लागलं? पासपोर्ट आणायलाही स्वतःच पळाला. आणले ते थेट गळ्यातल्या पाऊचमध्ये!

८ नोव्हेंबर

शेजारची अनघा सहज बोलून गेली — सिंगापूरच्या पासपोर्टला तिकडचा व्हिसा लागतच नाही.

म्हणजे शिरीष गुपचूप इथला नागरिक झाला? मार्चमध्ये तिघांनी कायमचं पुण्याला जायचं ठरलंय. मी राजीनामा देऊन बसलेय! गार्गीसाठी तिथे नोकऱ्या बघतेय. इथे आल्यापासून सतरा वर्षं ‘पुढच्या वर्षी जाऊ’ ऐकलं, ते काय यासाठी?

११ नोव्हेंबर, गोरेमे, तुर्कस्तान

पोचलो. इस्तंबूलला ‘‘तू हो पुढे’’ म्हणत शिरीषने मला एकटीला पासपोर्ट तपासणीच्या काउंटरवर ढकललं. बाप-लेक मागून आले.

इथले खडक मात्र अजबच! उंचच उंच सुळके, डोक्यावर दगडी टोप्या, आत कोरलेल्या खोल्या. आमचं हॉटेलही खडकातच. रिसेप्शनवर पासपोर्ट मागितले तर शिरीष म्हणाला, ‘‘तू बस, दमली असशील.’’ एरवी माझ्या दमण्याची एवढी काळजी? पाऊच गळ्यातून निघत नाही.

१२ नोव्हेंबर

जमिनीखालचं गाव पाहिलं. आठ मजले खाली! वाकून वाकून कंबर गेली. गोठे, चुली, हवेसाठी विहिरीसारखी भोकं. शत्रू आला की अख्खं गाव आत शिरायचं आणि वाटेवर जात्याच्या तळीसारखा भलामोठा दगड सरकवायचं. तो फक्त आतूनच उघडतो, असं गाईड म्हणाला.

मागे वळले तर बाप-लेक कुजबुजत होते. मला बघून गप्प! मला रडूच फुटलं. ‘‘धूळ गेली डोळ्यात,’’ म्हटलं. ‘‘आई, वॉटर?’’ म्हणत गार्गी बाटली घेऊन आली. पोरीलाही सामील करून घेतलंय याने. एवढा राग आलाय, एवढा!

१३ नोव्हेंबर

सकाळी दोघं गच्चीवर, आकाशातले बलून बघायला. पाऊच गादीवर!

उघडलं. शिरीषचा पासपोर्ट निळाच. भारताचा. आत व्हिसा. देवा, उगाच बिचाऱ्यावर संशय घेतला! इतक्या वर्षांच्या संसारात... जाऊ दे.

मग तिसरा काढला. लाल. सिंगापूरचा. फोटो गार्गीचा.

१४ नोव्हेंबर

नाश्त्याला विचारलंच. गार्गी म्हणाली, ‘‘माझे फ्रेंड्स, जॉब, सगळं सिंगापूरलाच आहे ना. तुम्ही जा मार्चमध्ये. मी येईन भेटायला.’’

मी म्हटलं, ‘‘तू नाही, तर मीही नाही जात.’’

शिरीषने चहा खाली ठेवला. म्हणाला, ‘‘मी जाणार आहे, नंदा.’’